कुठं जाऊन आलात?

दुपारी दोन ते पाच ही वेळ देवाने माणसाला शिकवण्यासाठी केलेलीच नाही, असं शर्मिष्ठा आवटी यांचं ठाम मत होतं. आणि गंमत बघा, सांगलीच्या करिअर कॉलेजात नेमकी तीच बॅच त्यांच्या गळ्यात पडली होती. बॅचमध्ये कोवळी पोरं नव्हती. सगळे संसारी, चाळिशी-पन्नाशीचे, पहाटे चारला उठून कामाला जुंपलेले आणि दुपारी भाकरी खाऊन थेट बाकावर येऊन बसलेले. वर पंखा गरगरतोय, पोटात झुणका उतरलाय, आणि समोर आवटीबाई फळ्यावर कॉम्प्रेसर काढतायत. कुणाचा डोळा लागणार नाही, सांगा!

पण शिकायची गरज खरी होती. तासगावपासून मिरजेपर्यंत बेदाण्याची आणि हळदीची नवी शीतगृहं धडाधड उभी राहत होती. गारव्यासाठी पूर्वी वापरायचे ते वायू सरकारने बंद केले होते आणि आता सगळीकडे कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रं आली होती. ती सांभाळणारी माणसं मिळत नव्हती. म्हणून रुक्साना मुल्ला सकाळचे डबे पोहोचवून यायच्या. त्यांची खानावळ होती आणि सगळी बॅच त्यांना भाभी म्हणायची. हरिपूरचे भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, म्हशींच्या धारा काढून आणि दूध घालून यायचे. आणि दगडू खोत यायचे, कारण त्यांची एस. टी. आता स्वतःच स्वतःला चालवत होती.

"तिला माझी गरज न्हाई म्हणं आता," दगडूभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "आंबा घाटात धुक्यात कशी वळती बघू की."

बाई या सगळ्यांना नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. मागच्या बाकावर कोण खोकलं, कुणाची म्हैस आजारी आहे, कुणाचं पोर दहावीला आहे, सगळं त्यांना ठाऊक. वर्ग कधी पेंगायचा, कधी हसायचा, पण पुढे सरकायचा. असं सुरळीत चाललं होतं, आणि मग श्रावणात ती ध्यानकडी आली.

कॉलेजचे संचालक निंबाळकर सर स्वतः खोकं घेऊन वर्गात आले. खोक्यात लहान लहान रुपेरी कड्या होत्या, कानाच्या वरच्या पाळीला अडकवायच्या.

"अगं बाई, ही तर भिकबाळी!" रुक्सानाभाभी म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून त्या यंत्राचं नाव भिकबाळी पडलं ते पडलंच.

त्यातलं विज्ञान तसं सोपं होतं. आपला मेंदू सतत बारीक विजेच्या लहरी सोडत असतो. मन सैल सुटलं, इकडेतिकडे भटकायला लागलं, की सेकंदाला आठ-दहा हेलकावे घेणारी एक संथ लहर वर येते. मन एखाद्या गोष्टीवर ताणून धरलं की ती लहर दबते, पापण्या कमी लवतात, नाडी एका लयीत चालते. कानामागच्या कातडीवर हे सगळं टिपता येतं. भिकबाळी ते टिपायची, प्रत्येकाचा आकडा काढायची आणि सगळ्या वर्गाची सरासरी भिंतीवरच्या मोठ्या काट्यावर दाखवायची. शंभर म्हणजे सगळा वर्ग एकाग्र. शून्य म्हणजे सगळा वर्ग गेला गावाला. शिवाय बाईंच्या मनगटावर एक कडं होतं. कुणाचं लक्ष उडालं की ते गुरगुरायचं आणि त्यावर बाकाचा नंबर उमटायचा.

"दिवाळीआधी ही कडी बनवणाऱ्या कंपनीकडून तपासणी आहे," निंबाळकर सर म्हणाले. "सरासरी सत्तरच्या वर पाहिजे. नाही झाली, तर ही बॅच पडदागुरूकडे जाईल."

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

सरांनी पंख्याकडे पाहिलं. "बघू ना, कुठेतरी सामावून घेऊ."

बाईंनी ओळखलं काय ते. सामावून घेणं म्हणजे घरी बसवणं. पडदागुरू म्हणजे भिंतभर पडदा. लक्ष उडतंय असं वाटलं की तो लगेच रंग बदलायचा, गाणं लावायचा, कॉम्प्रेसरला डोळे लावून नाचवायचा. एका सोमवारी त्याची चाचणीही झाली होती. काटा पंच्याण्णववर जाऊन बसला होता. सगळे तोंड उघडं टाकून बघत होते. मंगळवारी बाईंनी विचारलं, काल काय शिकलात? दगडूभाऊंनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "एक निळी माशी हुती बघा. लई भारी नाचली."

पण कंपनीच्या करारात निळ्या माशीचा उल्लेख नव्हता, काट्याचा होता.

मग काय, बाईंनी कंबर कसली. सव्वीस वर्षं वर्ग घेतलेली बाई ती. त्यांनी नकला केल्या, टाळ्या वाजवल्या, बाकांमधून फेऱ्या मारल्या. एकदा तर गारवा आणणारा वायू, म्हणजे रेफ्रिजरंट, कसा फिरतो ते दाखवायला साडीचा पदर खोचून त्या स्वतः वर्गभर पळाल्या. काटा साठपर्यंत चढायचा आणि त्या दम घ्यायला थांबल्या की घसरायचा. मनगटावरचं कडं सारखं गुरगुरायचं. हळूहळू बाई माणसांकडे बघायच्या थांबल्या आणि काट्याकडे बघून बोलायला लागल्या. रुक्सानाभाभींचा मुलगा दहावीच्या फेरपरीक्षेत पास झाला, भाभी पेढे घेऊन आल्या, तर बाई म्हणाल्या, "नंतर, भाभी, नंतर. आता छपन्नवर आहोत." भाभींनी पेढ्यांचा डबा गपचूप पिशवीत ठेवला.

सगळ्यात वाईट आकडा अण्णांचा. एका दुपारी बाई गळतीचा धडा शिकवत होत्या. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, रंग नाही, गळला की तो जमिनीलगत साचतो. अशा खोलीत माणूस बेसावध शिरला तर काही कळायच्या आत कोसळतो. धडा जिवावरचा होता. आणि कडं गुरगुरलं. पुन्हा गुरगुरलं. अण्णा खिडकीबाहेर बघत बसलेले.

"अण्णा!" बाई कडाडल्या. "अहो, तुमच्या एकट्यामुळं सगळा वर्ग खाली येतोय! लक्ष नसेल द्यायचं तर येता कशाला?"

अण्णा साठीला टेकलेले, धोतर-टोपीतले. त्यांच्याशी असं कुणी बोललं नसेल. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तास संपल्यावर खाली मान घालून निघून गेले. बाईंना घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, पण बाकावर बसलेच नाहीत. भिकबाळी टेबलावर काढून ठेवली आणि व्हरांड्यात, दाराशेजारी पोतं अंथरून बसले.

"हे काय, अण्णा?"

"हितनं ऐकू येतंय की, बाई. आत मी नसलो म्हंजे तुमची सरासरी वाढंल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच मदत करायची होती. त्या काही बोलणार, एवढ्यात मागून काट्याचा टिक्क आवाज आला. शहात्तर! मग ब्याऐंशी! तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोवर काटा एक्क्याण्णववर जाऊन थांबला.

बाई हरखल्याच. काल आपण रागावलो त्याचा परिणाम झाला म्हणायचा! सगळे कसे ताठ बसलेले, डोळे समोर, पापणी हलत नाही. बाईंनी कालचा गळतीचा धडा पुन्हा मन लावून शिकवला आणि शेवटी विचारलं, "तर मग, वायू ओळखणारा सेन्सर भिंतीवर कुठं बसवायचा? वर की खाली?"

समोर सगळे तसेच ताठ.

"दगडूभाऊ?"

दगडूभाऊ दचकले. "आं? साखरपा आलं का?"

"साखरपा?"

वर्गात खसखस पिकली. रुक्सानाभाभींनी तोंडाला पदर लावला. आणि मग सगळं बाहेर आलं. या शहाण्या माणसांनी सकाळी चहाच्या टपरीवर बैठक घेतली होती. भिकबाळीला फक्त ताण कळतो, तो कशावर आहे ते कळत नाही, हे दगडूभाऊंनी हेरलं होतं. तेव्हा प्रत्येकाने आपल्याला सगळ्यात जास्त लक्ष घालून करावं लागतं ते काम मनातल्या मनात करायचं ठरलं. दगडूभाऊ धुक्यातनं गाडी आंबा घाटाखाली साखरप्याला उतरवत होते. भाभींनी मनात लग्नाची बिर्याणी चढवली होती. कुणी सुईत दोरा ओवत होतं, कुणी उसाने भरलेली ट्रॉली उलटी घेत होतं.

"तुमची नोकरी ऱ्हावी म्हणून केलं, बाई," भाभी म्हणाल्या. "तुमचं एक अक्षर कुणी ऐकलं न्हाई. अल्ला माफ करो."

बाईंना हसावं की रडावं कळेना. आधी हसू आलं, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग दोन्ही एकदम सुरू झालं. वर्गही हसत सुटला आणि काटा धाडकन चाळिशीत आला. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला.

"खाली. सेन्सर खाली बसवायचा. गुडघ्याच्या खाली."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णा दारात उभे होते.

"तुम्हाला कसं आठवलं, अण्णा?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"काल तुम्ही जड वायू म्हणालात न्हवं का, तवा माझं मन पेवात गेलं बघा." अण्णा आत आले. "आमच्या हरिपुरात जमिनीत पेवं हायती. लई खोल. त्यात हळद भरायची न् वरनं तोंड लिंपून टाकायचं. पेव उघडलं की लगीच कुणी उतरत न्हवतं. माझा चुलता आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. वर कंदील झ्याक जळायचा, पण तळाला गेला की फुस्स! तसं का हुतं ते मला आजवर कळलं न्हवतं. काल कळलं. खाली साचतोय म्हणून. मी त्येचाच इचार करत हुतो, तवर तुम्ही..." ते थांबले. "तवर तास संपला."

विचार तास संपल्यामुळं नव्हे, बाई ओरडल्यामुळं तुटला होता, आणि म्हातारा तेवढं गाळून बोलला होता.

"अण्णा, माझं चुकलं," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "आत या. तुमच्या जागेवर बसा." मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला आणि त्यांनी लगेच पुस्तीही जोडली. "पण कंदिलावर भरवसा नका ठेवू हं. ज्योत जळत असली, तरी तिथली हवा माणसाला मारू शकते. म्हणून तर सेन्सर."

"व्हय, तेबी ध्यानात ऱ्हाईल आता," अण्णा म्हणाले आणि बाकावर बसले.

त्या दिवशी घरी जाताना बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मन ताणलेलं असतं तेव्हा मेंदू समोरचं पकडतो. पण मन सैल सुटतं तेव्हा मेंदू रिकामा बसत नाही, तो जुन्या खोल्या उघडतो, जुन्या आठवणी उपसतो, आणि नव्या माहितीची कुठल्यातरी जुन्या वस्तूशी गाठ मारून टाकतो. हे त्यांनी कॉलेजात शिकताना वाचलंही होतं. कोवळ्या पोरांकडे अशा खोल्या चार-दोन असतील. अण्णांकडे गावभर होत्या. आणि गाठ मारली जात असताना भिंतीवरचा काटा सांगत होता, हा माणूस ढ आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कडं काढून टेबलाच्या खणात टाकलं. थोडा वेळ जीव तोडून शिकवायच्या, मग खडू खाली ठेवून म्हणायच्या, "चला, फेरफटका." सगळ्यांनी मनाला मोकळं सोडायचं. खिडकीबाहेर बघा, डोळे मिटा, काहीही करा. थोड्या वेळाने त्या टाळी वाजवायच्या आणि विचारायच्या, "हं, कुठं जाऊन आलात?"

आणि अहाहा, काय काय गावं फिरून यायची ती माणसं! दाबाचा धडा झाला की भाभी कुकरच्या शिट्टीपर्यंत जाऊन यायच्या, दगडूभाऊ एस. टी.च्या एअर ब्रेकपर्यंत. बाई ते धरायच्या आणि धड्याशी बांधून टाकायच्या, चुकलं असेल तिथे दुरुस्त करायच्या. एकदा मागच्या बाकावरच्या शेवंताताई म्हणाल्या, "मी काय धड्याकडं गेले न्हाई बाई. माझं जावेशी भांडाण चाललंतं मनात."

"हरकत नाही. भांडणात काय झालं?"

"मी गप बसले, गप बसले, न् मग एकदम फुटले."

"बघा! सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता तुम्हाला." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून गेले. पण सहामाही परीक्षेत व्हॉल्व्हचा प्रश्न एकाचाही चुकला नाही.

काटा मात्र पन्नाशीच्या वर जाईना. निंबाळकर सरांनी दोनदा बोलावून समज दिली. परीक्षेचे गुण दाखवले तर म्हणाले, "गुण उत्तम आहेत हो मॅडम, पण कंपनी गुण मोजत नाही."

तपासणीच्या आदल्या दिवशी वर्गाने बाईंना घेरलं. "फकस्त उद्याच्या दिवस," भाभी म्हणाल्या. "मी बिर्याणी चढवते. तुमची बॅच वाचंल."

मोह झाला, खोटं कशाला बोला? बाईंना हा वर्ग हवा होता. घरी बसून त्या काय करणार होत्या, चार भिंतींना कॉम्प्रेसर शिकवणार होत्या? पण त्या म्हणाल्या, "नको. खोट्या आकड्यावर पडदागुरू नाही आला, तरी पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी येईल. शिवाय उद्या गळती बंद करण्याचा धडा आहे. तो चुकवलात तर कुणाच्यातरी जिवावर बेतेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंना बरं वाटलं.

तपासणीला पुण्याहून मैथिली दाभाडे आली. भिकबाळी बनवणाऱ्या गटातली ती मुख्य इंजिनिअर. तिशीची, हसरी, हातावर मेंदीचा फिकट रंग अजून उरलेला. यंत्र नीट चालतंय का ते बघायला तिने स्वतःच्याही कानाला एक कडी अडकवली आणि मागच्या रिकाम्या बाकावर बसली. शेजारी निंबाळकर सर. आज कडं घालणं बाईंना भाग होतं.

बाईंनी धडा सुरू केला. काटा चढायला लागला. सत्तर. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी!

निंबाळकर सरांचा चेहरा उजळला. बाईंनी वर्गाकडे पाहिलं. दगडूभाऊंचे दोन्ही हात बाकाखाली गोल धरलेले. रुक्सानाभाभींचे ओठ हलतायत. काल डोलावलेल्या माना सगळ्या खोट्या होत्या!

गप्प राहिलं तर बॅच वाचत होती. फक्त बोलत राहायचं, बस. पंधरा मिनिटांत सही, शिक्का, मोकळं. बाईंनी काट्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं. अण्णांना असलं सोंग जमत नव्हतं, ते बिचारे कासावीस होऊन त्यांच्याकडेच बघत होते.

बाईंनी खडू खाली ठेवला.

"भाभी, कांदे किती घेतले?"

"पाच किलो," भाभी बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"बिर्याणी उतरवा. दगडूभाऊ, गाडी बाजूला लावा. शेवंताताई, सुई ठेवा खाली. सगळे इथं या, माझ्याकडे." त्यांनी फळा पुसला. "पाहुण्यांना मी सगळं सांगेन. आधी धडा."

काटा गडगडत खाली आला. "मॅडम, हे काय चाललंय?" निंबाळकर सर अर्धवट उठले. मैथिलीने हातानेच त्यांना बसवलं.

मग बाईंनी शिकवलं, आजवर शिकवलं नव्हतं असं शिकवलं. शीतगृहात गळती झाली तर आधी काय, मग काय. मित्र खाली पडलेला दिसला तरी धावत आत जायचं नाही, वाकायचं नाही. आधी आपला मास्क, आधी हवा खेळती करायची, मग माणूस. का? कारण तो वायू खाली दबा धरून असतो. सगळा वर्ग ऐकत होता. मग त्या म्हणाल्या, "चला, फेरफटका."

पंख्याचा आवाज तेवढा. काटा एकेचाळीसवर. आणि बाईंचं कडं गुरगुरलं. त्यांनी पाहिलं, शेवटचा बाक. पाहुणीचा आकडा वर्गात सगळ्यात खाली गेला होता.

बाईंनी टाळी वाजवली. "दाभाडे मॅडम, कुठं जाऊन आलात?"

मैथिली दचकली. कानाला हात लावला, लाजली, आणि मग एकदम हसत सुटली. "माझ्या लग्नात! दसऱ्यालाच झालं. स्टेजवर तो पांढरा धूर सोडतात ना, सुक्या बर्फाचा? फोटोग्राफर खालून फोटो घ्यायला आडवा झाला आणि त्याला गरगरायला लागलं. सगळे म्हणाले, उपाशी असेल. भावजी त्याला उचलायला वाकले तर त्यांचंही डोकं हलकं झालं!" ती थांबली. हसू ओसरलं. "तो कार्बन डायऑक्साइडच होता. गुडघ्याच्या खाली. मी इंजिनिअर आहे, स्टेजवर उभी होते, आणि मला आत्ता कळतंय."

"आता इसरणार न्हाई तुम्ही," अण्णा म्हणाले.

"नाही, आजोबा. जन्मात नाही."

निंबाळकर सरांनी घसा खाकरला. "तर मॅडम, सरासरी एकेचाळीस. नियमाप्रमाणे..."

"थांबा हो सर." मैथिलीने कानातली कडी काढून तळहातावर ठेवली. "ही खोटं बोलत नाही. ही ताण मोजते. त्याला लक्ष म्हणालो ते आम्ही. मन गेलं, एवढंच हिला कळतं. काय घेऊन परत आलं, ते आम्ही हिला विचारलंच नाही. ते शिकवायचं तर मला असा वर्ग लागेल जिथं माणसं जातात आणि परत येतात." ती बाईंकडे वळली. "मला तुमची बॅच पाहिजे, ही आणि पुढच्या वर्षीचीही. तुमच्यासकट. द्याल का?"

उत्तर वर्गानेच दिलं, बाक बडवून. दगडूभाऊंनी तर तोंडाने एस. टी.चा हॉर्न वाजवला. रुक्सानाभाभी म्हणाल्या, "आता खरीच बिर्याणी करते. पाहुणीबाई, जेवल्याबिगर पुण्याला जायचं न्हाई."

पडदागुरू वर्गात परत आला नाही. दिवाळीनंतर निंबाळकर सरांनी तो नोटीस लावायला वापरायला घेतला.

माघात एका दुपारी उन्हाची तिरीप बाकांवर आली होती. बाईंनी नेहमीसारखा फेरफटका जाहीर केला. शेवटची परीक्षा महिन्यावर आली होती. दगडूभाऊंना तासगावच्या शीतगृहाने आत्ताच बोलावणं धाडलं होतं, आणि अण्णांना हरिपूरच्या नव्या हळदीच्या कोठाराने. सगळे डोळे मिटून बसले, मग एकेक करून उघडून बसले, पण टाळी काही वाजेना. आवटीबाई खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या.

शेवटी अण्णांनीच टाळी वाजवली. "बाई! कुठं जाऊन आलात?"

बाई भानावर आल्या आणि हसल्या. "पुढच्या वर्षीच्या बॅचला."

"आमी हुतो का तिथं?"

"तुम्ही कशाला असाल, अण्णा? तुम्ही सगळे पास होऊन कामाला लागला होतात. बाकांवर नवीनच माणसं."

मग रुक्सानाभाभींनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि बाईंच्या पुढ्यात धरला. दोघांच्या नोकरीचे पेढे होते.

"परत आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आमचं अजून महिनाभर शिकायचं हाय."

बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि फळ्याकडे वळल्या.